कालवडीसाठी केलेली गादी

आमच्याकडे वासराखाली तणस टाकतात, धान मळल्यावर उरते ती. सगळं गाव तेच करतं, म्हणून मी ते केलं नाही. राईस मिलमागच्या ढिगातून चार पोती बारीक भुसा आणला आणि दीड महिन्याच्या कालवडीसाठी वीतभर जाड गादी केली. थंडी लागू नये म्हणून सानगडीच्या बाजारातून ताडपत्री आणून गोठ्याच्या खिडक्या बांधल्या. वर डासांसाठी रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. गोठ्यात मी इतकी काळजी कोंडली की वाऱ्याला शिरायला जागा उरली नाही.

आठवड्याभरात कालवड खोकू लागली.

"तिले खोकला काहून आला?" बायकोनं विचारलं.

"थंडीनं," मी म्हणालो आणि एका फटीत आणखी एक पोतं कोंबलं.

"अवो, आत गेलं का माहाच जीव घुसमटते."

"तुहा तर लग्न झाल्यापासून घुसमटूनच राहिला."

या उत्तरावर मी दिवसभर खूश होतो. दुसऱ्या दिवशी कालवडीनं दूध तोंडात घेतलं नाही. मान लांब करून बसली होती, फासळ्या भात्यासारख्या हलत होत्या. गाय म्हातारी, हे तिचं शेवटचं वेत. ही कालवड गेली असती तर गोठ्याला कुलूपच होतं.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी कालवडीला नाही, ताडपत्रीला हात घातला. ओढून काढली तसं ऊन आत आलं आणि त्या उन्हात माझी गादी तरंगताना दिसली.

"काकाजी, हिच्या बाजूले झोपा."

"मी?"

"तुमीच. नाक तिच्या नाकाजवळ आना."

झोपलो. कालवडीनं पाय हलवला आणि मी लागोपाठ पाच वेळा शिंकलो. बायको दारात तोंडावर पदर धरून उभी होती. धुळीसाठी की हसू दाबायला, ते मी विचारलं नाही.

"शिंक आली ना? ते जाड धूळ. नाकातच अडकते, निघून जाते," डॉक्टर म्हणाले. "बारीक असते ते खाली जाते, पार फुफ्फुसाच्या टोकापर्यंत, अन् तिथंच बसते. धुरानं, मुताच्या वाफेनं आतली सफाईही मंदावते. हिचं तोंड दिवसरात्र जमिनीजवळ. तुमी उभ्यानं पाहाता, म्हनून तुमाले हवा साफ वाटते."

पाच दिवस इंजेक्शनं चालली. तो भुसा मीच उपसला, मीच पाठीवर टाकून नेला. आणताना पोती इतकी जड नव्हती.

कालवड वाचली. पण चरायला जाण्याएवढी झाली तरी गावची गुरं चारणारा गायकी तिला नेईना. "तुमची कालवड तलावाच्या पारीवर चढली का धापा टाकत बसते. मंग बाकीची ढोरं कोन पाहील?"

तेव्हापासून तिला मीच नेतो. ती बसली की मीही बसतो. डॉक्टर म्हणतात, वय लहान आहे, फुफ्फुस थोडं भरून येईल. किती, ते सांगता येत नाही. समोरून कुणी सायकलवरून जातं आणि ओरडतं, "काय काकाजी, थकले का?" थकलोच आहे. उन्हं उतरायला लागली की वाटतं, उठावं, घर गाठावं. पण तिच्या फासळ्या अजून हलत असतात, म्हणून आणखी थोडा वेळ बसतो.