सुपारी फुटण्याआधी

राहात्याला आमच्या शेजारी पेरूची बाग आहे. हिवाळ्याच्या दुपारी तिचा वास आमच्या घरात येऊन बसतो, आणि त्या वासातूनच चालत आल्यासारखा बागेचा मालक कुंपणापाशी उभा राहतो. बोलण्याआधी तो जरा थांबतो, "व्हय" म्हणतो, मग वाक्य सुरू करतो. आतल्या कुणाला तरी विचारून घेतल्यासारखं. नैराश्यावरची रोजची गोळी तो ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत घेतो. त्याच्या आजोबांनी आणि वडिलांनी आत्महत्या केली होती. "डॉक्टर म्हनले, मेंदूतल्या रसायनाचा खेळ हाय. थोडं रक्तातनं येतं. पन आलंच पायजे असं न्हाई."

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले. शेजारी म्हणून मीही बसलो होतो. पोहे झाले, चहा आला, आता सुपारी फुटणार असं वाटत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "व्हय. एक सांगायचं ऱ्हायलं," आणि आजोबा, वडील, स्वतःची गोळी, सगळं सांगून मोकळा झाला. आत बांगड्या वाजायच्या थांबल्या. मला वाटलं, मोडलं. पेरूचा वास तेवढा खोलीत तरंगत राहिला.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"माझा भाऊ असाच गेला," ती हळूच म्हणाली. "आता माझं धाकटं पोरगं बी लई गप्प ऱ्हातंय. तुमचे डॉक्टर कुठं बसतात?"