केबलला पीळ पडतो कुठे?

चिंगोलाच्या तांब्याच्या खाणीत कपेम्ब्वाने तुटलेल्या केबलला घातलेल्या जोडाला पंचवीस वर्षांत कुणी नावं ठेवली नव्हती. विजेवरचं अवाढव्य खोदयंत्र आपल्यामागे मनगटाएवढी जाड केबल ओढत फिरायचं. ती तुटली की बोलावणं यायचं ते याच माणसाला. चोला ही त्याची थोरली, म्हणून सगळे त्याला बाशी चोला, म्हणजे चोलाचे बाबा, म्हणत.

यंदा मात्र एकाच महिन्यात केबल तीनदा गेली, आणि तिन्ही वेळा नेमकी त्याच्या जोडाशेजारी.

"चौथ्यांदा गेली, तर जोडकाम दुसऱ्याला द्यावं लागेल, बाशी चोला," इंजिनियर नामुकोलो मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते जड गेलं असावं.

कपेम्ब्वाची मती गुंग झाली. त्याने शेडमध्ये जोड हजारदा वाकवला, वजन टांगून ताणला, दगडांवरून फरफटवला. जोडाला ढिम्म काही झालं नाही. मग बाहेर त्याचं काय बिनसतं?

घरी शिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, घास हातातच राहिला. "वाकवून झालं, ताणून झालं," बायको म्हणाली, "आता गिळून बघा!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः खाणीत उतरला. यंत्राची जागा बदलायची होती. एरवी महिन्यातून एखाद-दोनदा बदलायची; या महिन्यातली ही आठवी खेप. मुकादम न्गोसाने केबलचा ड्रम जमिनीवर आडवा पाडला होता आणि त्याचे गडी वरून एकेक वेढा उपसत होते. केबलवरची सरळ पिवळी रेघ प्रत्येक वेढ्याला गोल फिरत चालली होती. तो पीळ सरकत जाऊन जाड जोडापाशी अडत होता. पिळून बघायचं कपेम्ब्वाला सुचलंच नव्हतं.

"अरे शहाण्यांनो! ड्रम स्टँडवर ठेवून फिरवायचा असतो. हे कुणी शिकवलं?"

न्गोसा गोंधळला. "तुम्हीच की, बाशी चोला. स्टँड मोडला त्या वर्षी म्हणालात, थांबू नका, आडवा पाडा न् उपसा. नव्या माणसालाही आम्ही तुमचं नाव घेऊनच शिकवतो."

कपेम्ब्वाला हसावं की रडावं कळेना. जोड निर्दोष सुटला होता, तो स्वतः अडकला होता. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून मॅडम आल्या.

"कुणाची चूक निघाली?"

न्गोसाने मान खाली घातली.

"माझी," कपेम्ब्वा म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मॅडमनी आडव्या ड्रमकडे पाहिलं. "मग आता तुम्हाला जोडकामावरून काढू की ठेवू?"

"मलाही कळत नाही, मॅडम. आधी स्टँड दुरुस्त करतो. मग काढा."