कामाचा रकाना

“लेप्टोस्पायरोसिस आहे. अजून दोन दिवस अंगावर काढलं असतं तर किडन्या गेल्या असत्या,” डॉक्टर म्हणाले. उंदरांच्या मुताने खराब झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे शरीरात शिरणारा हा आजार. मी मसाटच्या सूत कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ताप येण्याआधीच्या आठवड्यात तुंबलेल्या पंपाच्या खड्ड्यात अनवाणी उतरलो होतो, कारण गमबूट फाटले होते. तीन दिवस मी याच हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवल्या, पण कामाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

हे हॉस्पिटल आमचंच. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथे डोकमर्डी गावात पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. कारखान्यांतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी राबून त्या उभ्या केल्या. वायरिंग मी केलं. दारात सविताबेन ही गुजराती नर्स बसायची. केसपेपरवर ती नाव, गाव आणि काम लिहायची. काम कळल्याशिवाय कोणाला आत सोडायची नाही.

मग मजले चढत गेले. आता चार आहेत, लिफ्ट आहे, टोकनचं मशीन आहे. मी हॉस्पिटलच्या कमिटीत आहे, पाहुण्यांना हे सगळं कौतुकाने दाखवायचो.

ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. मीही अकलेचा कांदा. कारखान्यात इलेक्ट्रिकलची तक्रार मेकॅनिकलकडे नेत नाहीत, म्हणून तीन दिवसांत तीन टोकनं काढली. डोळ्यांना दुसरा मजला, पोटऱ्यांना तिसरा, तापाला तळमजला. प्रत्येक ठिकाणी तिथलंच दुखणं सांगितलं. थेंब मिळाले, मलम मिळालं, गोळ्या मिळाल्या. अख्खा माणूस कोणीच पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवी जवळजवळ बंद झाली. बायको पुन्हा घेऊन आली. टोकनच्या रांगेत सविताबेनने मला पाहिलं. ती आता चादरींच्या कोठारावर असते.

“सुनीलभाई, फॅक्टरीमां पाणी भरलेलं ने? बूट घातलेले के नहीं?”

मी नाही म्हणालो. तिने व्हीलचेअर आणली आणि मला थेट मोठ्या डॉक्टरांसमोर नेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसेल तर रक्तात साठणारं द्रव्य, खूप वाढलेलं निघालं. लगेच सलाईन आणि पेनिसिलिन सुरू झालं.

तुमच्यावर ही वेळ आली तर ऐका: कोणी विचारो न विचारो, आधी आपलं काम सांगा. मग सगळी दुखणी एकाच डॉक्टरला सांगा.

घरी सोडलं त्या दिवशी मी काउंटरवर तावातावाने विचारलं, फॉर्ममध्ये काम का लिहीत नाही?

“काका, तो रकाना कमिटीनेच काढला,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

खरं होतं. रांग लवकर सरकावी म्हणून बैठकीत हात वर करणाऱ्यांत मी होतो. सविताबेन तेव्हा भांडली, म्हणून तिला कोठारात पाठवलं. त्यालाही माझाच हात वर होता.

तसाच कोठारात गेलो. माफी मागितली. ती चादरींच्या घड्या घालत होती.

“ते राहू द्या, भाई. नवे बूट घेतले के?”

घेतले नव्हते.