जसं ऐकलं तसं

दहशतवादविरोधी पथकात तिला सगळे 'भिंत' म्हणायचे. भिंतीला कान असतात ना, म्हणून. हे नाव पाडणारा हवालदार केव्हाच निवृत्त झाला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. नवीन आलेला कुणी बिचकत मॅडम म्हणाला, तर तीच सांगायची, भिंतच म्हण बाबा, मॅडम खालच्या मजल्यावर बसतात.

पथक सबंध देशासाठी एकच. टीव्हीवर हेल्मेटवाली, जाड जाकिटातली माणसं दिसतात, तेवढंच पथक असं लोकांना वाटतं. वाटू दे. पण कुठलं दार फोडायचं, हे त्या माणसांना कळतं कसं? तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत ही बाई बसते, म्हणून कळतं. कोर्टाच्या परवानगीने ज्यांचे फोन ऐकायचे, त्यांची बोलणी हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करायची, हे तिचं काम. पायाखाली पेडल. टाच दाबली की आवाज पाच सेकंद मागे जातो. एकोणीस वर्षं तिची उजवी चप्पल डावीच्या आधी झिजत आली होती. नियम एकच, जसं ऐकलं तसं. खोकला आला तर खोकला लिहायचा, जांभई आली तर जांभई. पानाच्या कडेला 'शेरा' असा एक रकाना असे, पण तो साहेबांचा. टाइप करणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. तिने कधी लावला नव्हता.

घरी सासूबाईंच्या लेखी सून ऑफिसात गाणी ऐकायची. खरं काय ते सांगायची सोय नव्हती. सासूबाई जिन्यात शेजारणीजवळ कुजबुजत सुनेची उणीदुणी काढायच्या, आणि ही आतून दुरुस्ती सुचवायची, दूध उतू गेलं ते सोमवारी नव्हे, मंगळवारी. मेलीला मुंगीची पावलंसुद्धा ऐकू येतात, असं सासूबाई म्हणायच्या. ते मात्र खरं होतं.

त्या महिन्यात पथकाचा डोळा एका घरावर होता. तिथे एका टोळीचा म्होरक्या राहायचा. टोळीत एक वायरमनही होता, तिशीचा, अबोल. माणसं आधीच तोकडी, म्हणून साहेबांनी त्याला चिल्लर ठरवून त्याच्या मागावरची माणसं काढून घेतली. त्याचे फोन तेवढे हिच्याकडे येत राहिले. रोज सकाळी तो आईला फोन करायचा. आईचा गुडघा, गळकी टाकी, शेजारचं कुत्रं, आणि शेवटी ठरलेलं, 'निघतो आता. येतो.' आता निघणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे काय कुणाला शिकवावं लागतं?

शुक्रवारी नऊ वाजता तिने त्याच्या सकाळच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. गुडघा झाला, टाकी झाली. 'निघतो आता. येतो,' तिने टाइप केलं. पुढचं वाक्य आईचं होतं, 'अरे, येतो म्हण.' मग थोडी शांतता, आणि फोन बंद.

तिची बोटं थांबली. येतो म्हण? म्हणाला की तो. तिने टाच दाबली. वायरमन म्हणत होता, 'निघतो आता. जातो.'

एकोणीस वर्षं 'जसं ऐकलं तसं' घोकलेल्या बाईने न ऐकलेलं टाइप केलं होतं. सवयीने बोटं कानांच्या पुढे धावली होती. पण सवय काय तिला एकटीलाच असते? रोज 'येतो' म्हणणाऱ्याने आईने सांगूनही तो शब्द गिळला होता. तिने चूक दुरुस्त केली, आणि मग साहेबांच्या रकान्यात लिहिलं, 'हा माणूस परत यायला निघालेला नाही.' पान घेऊन ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब आधी शेरा बघून चिडले आणि मग वाचून हसले. एका शब्दावर पथक हलवायचं, आणि तेवढ्यात म्होरक्या निसटला तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात, ती कोण भरून देणार? चूक ठरली असती तर नोकरी तर गेलीच असती, वर तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरी ती हलली नाही.

"साहेब, सकाळी घरून निघताना आईला काय म्हणालात?"

"येतो म्हणालो."

"आणि जातो म्हणाला असतात तर?"

साहेबांनी शेरा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी फोन उचलला.

फोनच्या ठावठिकाण्यावरून वायरमन बसस्थानकात सापडला, तिकिटाच्या रांगेत, पाठीवर जड पिशवी घेऊन. त्याच्या पुढेमागे दीडएकशे माणसं होती. पिशवी फुटली नाही, कुणाला ओरखडा आला नाही, तो स्वतःही जिवंत राहिला. म्होरक्याही दोन दिवसांनी त्याच घरात हाती लागला. बसस्थानकाची बातमी एक वाजता वर आली तेव्हा ती गार झालेला चहा हातात धरून बसली होती. आधी तिला रडू फुटलं, आणि मग असा अभिमान वाटला की खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी पेपरात हेल्मेटवाल्यांचा फोटो आला. सासूबाईंनी तो तिच्यापुढे धरला. काम म्हणतात ते याला, नाहीतर तू, गाणी ऐकतेस. ती म्हणाली, हो ना, आणि पोळीवर पोळी खात सुटली. आनंदाने भूक लागते, हे तिला त्या दिवशी कळलं.

शेऱ्याचा रकाना आता तिचाही आहे. आणि पथकाला एक नवी खोड लागली आहे. कामगिरीवर निघताना ती धिप्पाड माणसं जाड बूट वाजवत तीन मजले चढतात, आणि दारातून एकेक डोकं आत येतं. "येतो, भिंत." ती म्हणते, "या." एखादा घाईत नुसता पुटपुटून वळला, तर मुंगीची पावलं ऐकणारी ही बाई हेडफोन काढून त्याला थांबवते.

"ऐकू नाही आलं," ती म्हणते. "परत म्हण."