सेसकाकांचा रस्ता

कर भरायला मिळाला की ज्याचा दिवस चांगला जातो, असा मी पाहिलेला एकुलता एक माणूस म्हणजे आमचे सेसकाका. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. गाझियाबादच्या आमच्या कॉलनीत ते वरच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि आम्ही नवराबायको खालच्या. हॉटेलात जेवायला नेलं की आम्ही मेनूकार्ड वाचायचो, काका बिल वाचायचे. कराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, "हे बघ, आपल्या या पनीरने आज कुठेतरी एका पुलाला वीट लावली." मी म्हणायची, "काका, पनीर गार होतंय."

नोकरी सगळी दिल्लीत, केंद्र सरकारच्या कराच्या फायली हलवण्यात गेलेली. त्यांचं दुःख एकच. "अगं, जन्मभर कर गोळा करायच्या फायली पुढे ढकलल्या, पण त्या पैशाचा रस्ता झालेला एकदाही या डोळ्यांनी पाहिला नाही. फाईल पुढे जायची, मी आपला तिथेच." हे सांगताना चेहरा इतका केविलवाणा करायचे की मला दुसरा चहा टाकावाच लागायचा.

आणि रस्ता हवा होता तो नेमका आमच्या दारात. कॉलनीपासून मेट्रो स्टेशन तीन किलोमीटर. बिल्डरने घरं विकली आणि रस्ता कुणाच्याच ताब्यात न देता काढता पाय घेतला, त्यामुळे तो दुरुस्त करायला कुणी येईना. ई-रिक्षावाले आत यायला तिप्पट पैसे मागायचे आणि वर पाऊण तास हाडं खिळखिळी करायचे. दिवाळीच्या सुमारास काका एका खड्ड्यात पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. पुण्याहून त्यांचा मुलगा सुहास धावत आला. त्याने रस्ता पाहिला आणि बापाला बजावलं, "बाबा, होळीपर्यंत बघतो. तोवर हे असंच राहिलं तर सामान बांधायचं आणि माझ्याबरोबर पुण्याला यायचं." तो गेल्यावर काका मला म्हणाले, "चाळीस वर्षं दिल्लीत काढली मी. पुण्यात जाऊन भांडू कुणाशी?" बोलले हसत, पण माणूस घाबरला होता. मीही घाबरले, कारण वरच्या मजल्यावरची ती खुर्ची सरकवण्याची खरखर नसलेलं घर मला नकोच होतं.

प्लास्टर निघायच्या आत योजना तयार. कॉलनीच्या मार्केटमध्ये तीसेक दुकानं. शंभर रुपयांच्या बिलावर एक रुपया जास्त घ्यायचा, त्यातून रस्ता करायचा आणि मेट्रोपर्यंत मिनीबस लावायची. मी म्हटलं, "म्हणजे वर्गणीच की." काका उखडले. "वर्गणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हा सेस आहे, सेस. द्यावाच लागतो." त्या दिवसापासून ते सेसकाका झाले.

आता दुकानदारांच्या संघाने हे मंजूर करायला हवं होतं. दुसरा कुणी दुकानात जाऊन चार गोष्टी बोलला असता. काकांनी चौदा पानी टिप्पणी लिहिली. शुद्ध सरकारी हिंदी, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी परिशिष्टं, प्रत्येक दुकानाला लाल नाडीत बांधलेली स्वतंत्र प्रत आणि खाली 'एक सप्ताह के भीतर अभिमत अपेक्षित'. सप्ताह झाला. अभिमत एकाचंही नाही, पण आमच्याकडे समोसे आले ते परिशिष्ट 'ख'मध्ये बांधून. काकांनी तो कागद सरळ केला, तेल टिपलं आणि म्हणाले, "बांधण्यापूर्वी वाचलं असेल गं."

मग बैठक झाली. संघाचे अध्यक्ष किराणावाले गुप्ताजी म्हणाले, "अंकल, एक रुपया ज़्यादा लेंगे तो ग्राहक बगलवाली कॉलोनी में भाग जाएगा."

काका कुबडी टेकत उठले. "भागेगा कैसे, गुप्ताजी? रास्ता कहाँ है?"

सगळं मार्केट खो खो हसलं, पण हात एकानेही वर केला नाही. निर्णय जानेवारीच्या अखेरीवर गेला.

जानेवारीत माझं संक्रांतीचं हळदीकुंकू. दरवर्षी मी दिल्लीतल्या दहाबारा मराठी बायकांना बोलवायची. त्या वर्षी म्हटलं, मार्केटवाल्यांच्या बायकांना बोलावू, सगळ्यांच्या सगळ्या. त्या राहायला मेट्रोजवळच्या नव्या इमारतींत, नवऱ्यांच्या बाइकवरून कधीमधी दुकानात यायच्या. आमच्या घरापर्यंत चालत कुणी आलेलं नव्हतं. काकांचे डोळे चमकले. "वाणात टिप्पणीची प्रत देऊया?" मी म्हटलं, "काका, वाणात कागद देत नाहीत. वाट्या आणल्यात मी. तुम्ही तिळाचे लाडू वळा आणि गप्प बसा."

आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, तरी त्या आल्या. निमंत्रणात मी 'साडी नेसूनच यायचं' असं आवर्जून लिहिलं होतं, देवा, माफ कर. ई-रिक्षावाल्यांनी त्यांना कोपऱ्यावरच उतरवलं. बनारसीचे काठ चिखलात बरबटलेले, आणि गुप्ताजींच्या मिसेसची नवीकोरी चप्पल खड्ड्यातल्या पाण्यात कायमची गेलेली. एका पायात चप्पल घालून त्या माझ्या बैठकीच्या खोलीत उभ्या राहिल्या. मी कुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं. तेवढ्यात काका लाडवांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आले आणि साळसूदपणे म्हणाले, "बहनजी, रास्ते में कोई तकलीफ़ तो नहीं हुई?"

मग जो गलका उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. गुप्ताजींच्या मिसेस लाडू खातखात म्हणाल्या, "आज घर जाकर बात करती हूँ मैं."

पुढच्या बैठकीत पहिला हात गुप्ताजींचा वर गेला. पाठोपाठ सगळ्यांचे. पैसे दुकानदारांनीच आधी घातले, सेसमधून हळूहळू परत घ्यायचे असं ठरलं. डांबर पडत होतं ते सगळे दिवस काका खुर्ची टाकून रस्त्याकडेला बसलेले, डोक्यावर माझी छत्री, हातात थर्मास. मजुरांना चहा पाजायचे आणि मधूनच रोलरकडे बघून डोळे पुसायचे. होळीला सुहास आला तो मेट्रोतून उतरून थेट मिनीबसनेच. पिशवी खाली ठेवत म्हणाला, "बाबा, आता मी बोलू तरी काय?" काका म्हणाले, "काही नको. जेवून घे." मी आनंदाने सगळ्या जिन्यात रंग उधळला आणि नंतर तो घासत बसले.

पुढच्याच वर्षी माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली. काका चार दिवस चहाला खाली आले नाहीत. पाचव्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "मी पुण्याला गेलो नाही आणि तुम्ही नागपूरला निघालात. ही काय पद्धत झाली?" मी चहा टाकला.

निघायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून मिनीबसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. मेट्रोपर्यंत येतो म्हणाले. त्यांना काहीतरी सांगायचं असावं, कारण दोनदा घसा खाकरला. ड्रायव्हरला सारखे म्हणत होते, "भैया, ज़रा धीरे." तो बिचारा हळूच चालवत होता. काका माझ्याकडे वळले, "हे बघ, मी काय म्हणतो..." आणि बस थांबली. समोर स्टेशन. घरातून निघून आठ मिनिटं झाली होती. मला रडू आवरेना. काका उठेनात, खिडकीतून त्या गुळगुळीत काळ्या रस्त्याकडे बघत बसले.

"इतका चांगला करायला नको होता गं," ते म्हणाले. "थोडे खड्डे ठेवायला हवे होते."