हिरवं पाणी, जांभळं पाणी

प्रयोगशाळेत वॉटर बाथच्या वाफेवर ठेवलेल्या बशीत कोबाल्टचं हिरवं पाणी आटता आटता जांभळं झालं, आणि शेजारी उभ्या असलेल्या साठेबाई म्हणाल्या, "बघा सर, आले की नाही दोघे जवळ!"

टोमणा मलाच होता. मी रजेवर असताना माझा एम.एस्सी.चा वर्ग बाईंनी प्राचार्यांना सांगून स्वतःकडे घेतला. मी परत येऊन भांडलो, तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममधली आमची समोरासमोरची टेबलं शेजारी शेजारी लावून दिली. आता बाईंचा डबा माझ्या कोपराला लागतो.

बशीतही तेच झालं होतं. कोबाल्टभोवती सहा जागा असतात. हिरव्या रंगात दोन क्लोरीन समोरासमोर असतात, जांभळ्यात शेजारी. मंडळी तीच, नुसत्या जागा बदलल्या की बघणाऱ्याला वाटतं, दिलजमाई झाली. पण याच कोबाल्टपाशी जुना सुटायला लागल्याशिवाय नवा येऊन बसत नाही. एवढी रीत धातूलासुद्धा कळते. मी तर जागा सोडलीच नव्हती. आईला दवाखान्यात घेऊन गेलो होतो.

"छान रंग आलाय," बाई म्हणाल्या. "आता असाच राहू द्या."

मी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढली, बशीत ओतली आणि पुन्हा आटवायला लागलो. बाई नाकाला पदर लावून मागे सरकल्या. हळूहळू बशीच्या कडेला हिरवे खडे धरू लागले.

"आता बसले समोरासमोर," मी म्हणालो, आणि माझं टेबल ओढायला स्टाफरूमकडे निघालो.