बापाच्या नावाची पाणपोई

आमच्या चुलत दिरांना, भागवतरावांना, कमानीचं वेड. सरपंच झाले त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की मुरुमला जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यावर, वडिलांच्या नावाची कमान उभारायची. वडील, म्हणजे धोंडीबामामा, अंथरुणाला खिळले होते तेव्हा हा लेक त्यांना तांब्याभर पाणी द्यायला कधी उठला नव्हता. मेल्यावर मात्र माया उतू गेली.

अडचण नियमाची होती. केंद्राकडून वित्त आयोगाचा निधी आला होता, पण त्यातला मोठा हिस्सा बंधित. तो फक्त पिण्याच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवर खर्चायचा. फाट्यावरच्या वस्तीला नळ नाही, तिथल्या बायका गावातल्या टाकीवरून घागरी वाहतात. पैसा जणू त्यांच्याच नावानं निघाला होता.

"कमान यात बसत नाही, सरपंच," ग्रामसेवक कल्याणप्पा म्हणाले. बैठक आमच्याच ओसरीवर होती, चहा माझ्याकडं.

"मग तिला नळ बसवा."

"कमानीला?"

"खांबाला! वर पाणपोई असं लिवा. झालं की पाण्याचं काम."

"आणि पाणी कुठून येणार?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही साखर बघा. कमी पडलीय."

कल्याणप्पांनी बशीतला चहा फुंकला. त्यांची हरकत त्या फुंकरीबरोबरच गेली.

ग्रामसभेत वस्तीवरच्या गिरिजाबाई उठल्या. "आमाला कमान नगं. पाइप द्या."

"मावशी, नळ तुमच्याच दारात येतोय की!" भागवतराव म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांच्या घरी नळ होते.

कमान झाली. दोन बाजूंना हत्ती, वर कळस, आणि मधोमध एसटीतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत 'कै. धोंडीबा यांच्या स्मरणार्थ पाणपोई'. डाव्या खांबाला पितळी तोटी, तिच्या मागं नुसतं सिमेंट. हत्तींच्या सोंडेला रंगाचे दोन हात दिले होते, तोटीला पाइप जोडायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग तालुक्याहून साहेब आले. तोटी फिरवून जरा वेळ थांबले.

"चालू नळाचा फोटो लागतो. आणि टाकीपासून इथवर पाइप दिसला पाहिजे. त्याशिवाय बिल निघत नाही."

"मागं एखादं बॅरल ठेवलं तर..."

"टाकीपासून," साहेब म्हणाले.

ठेकेदार होता इंद्रजित, भागवतरावांचा मेहुणा. बिल अडलं असतं तर बायकोनं भागवतरावांचं रात्रीचं जेवण बंद केलं असतं. झटपट चर खोदला गेला, पाइप आला. वस्ती इतकी वर्षं ज्यासाठी भांडत होती, ते सरपंचांनी मेहुण्यापायी करून टाकलं.

नारळ फुटला, फीत कापली, पाण्याचा फोटो निघाला. साहेबांची जीप वळते न वळते तोच भागवतराव कल्याणप्पांना म्हणाले, "करा व्हॉल्व्ह बंद. गावात दाब कमी पडंल."

गिरिजाबाई नळाखाली घागर लावून बसल्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"वर कुनाचं नाव हाय रं, भागवता?"

"वाचता येत न्हाय व्हय?"

"न्हाय येत. तूच वाच."

"धोंडीबा. माझे वडील."

"आन् म्होरं?"

भागवतरावांनी कल्याणप्पांना हातानं व्हॉल्व्हकडं खुणावलं.

"पाणपोई लिवलंय म्हनं. बापाच्या नावाचं पानी तोडनारा ल्योक म्या पयल्यांदाच बघायलेय. तोड की! गावाला बी बघू दे."

मेलेल्या माणसाच्या नावानं सुरू केलेली पाणपोई मोडली तर तो जीव तहानलेला फिरतो, असं आमच्याकडं लहान पोरंही सांगतात. दिल्लीच्या नियमाला भागवतरावांनी हत्ती बांधून वळसा घातला होता. आता स्वतःच रंगवून घेतलेल्या अक्षरांना वळसा कुठून घालणार? कल्याणप्पा चावी हातात धरून, तोंडावर काही न दाखवता उभे होते. सगळ्या वस्तीचे डोळे सरपंचांवर.

"असू द्या," भागवतराव पुटपुटले आणि फेटा सावरत गाडीकडं निघाले.

घागर भरून वाहायला लागली होती. गिरिजाबाईंनी ती उचलली आणि मागच्या बाईला हाक मारली, "ये गं, लाव तुजी."

आता पाहुणे आले की भागवतराव त्यांना फाट्यावर नेतात. "वस्तीसाठी केलं," म्हणतात. वस्तीवर त्या नळाला धोंडीबाचा नळ म्हणतात. भागवतरावांचं नाव तिथं कुणाच्या तोंडी नाही.